राखदरीचा नियम

"राखदरीत उतरलेला माणूस परत येत नाही, असं कादंबरीच्या दुसऱ्या भागात ठणकावून सांगितलंय. मग पाचव्या भागात सेनापती परत आलाच कसा?"

मनवाच्या या प्रश्नावरून तिचं आणि राजसदादाचं लालबागच्या घरी रोज वाजायचं. दादा सेनापतीच्या बाजूने. मनवाचं एकच, "लेखकाने माती खाल्ली!"

आज परळच्या हॉस्पिटलातही दादाला चैन पडेना. मनवा डॉक्टरांच्या केबिनमधून आली, तेव्हा तो सलाइनच्या नळीशी चाळा करत होता. तिला बघताच त्याने मुद्दाम उकरून काढलं, "काही म्हण, सेनापती परत येऊ शकतो."

मनवाने त्याची चादर नीट केली. "हो रे दादा. येऊ शकतो."

दादाचा हात नळीवरच थांबला.

"मने, डॉक्टर काय म्हणाले?"