बिनउंबऱ्याचं दार

एकनाथराव ओव्हरसियरांनी गिरणीकामगारांसाठी नव्या घरांचे नकाशे काढले, तेव्हा उंबऱ्याला मुद्दामच फाटा दिला होता. सरळ सपाट फरशी म्हणजे झाडायलाही सोपी! पण बिनउंबऱ्याच्या घरात जीव रमेना, म्हणून पहिल्या ओळीतली बिऱ्हाडं एकेक करून उठली. उरली एकटी मंद्रूपची रंभाबाई. तीही गेली, तर पुढच्या ओळी बांधायच्याच नाहीत असं मालकांनी ठरवलं होतं.

सकाळचा भोंगा झाल्यावर एकनाथराव तिची समजूत घालायला गेले, तर ती दारातल्या कोऱ्या फरशीवर हळदकुंकू वाहत होती.

"बाई, इथं उंबरा आहे कुठं?"

"नसंना का सायेब. रोज पुजला म्हंजी हुतुय की." ती हसली. "या, आत या. पर पाय उचलून."

एकनाथरावांनी पाय उचलला नाही. अंगठ्याला सणसणीत ठेच लागली आणि डोळ्यांत पाणी आलं. खाली पाहिलं, तर फरशी सपाटच होती.

तेवढ्यात रंभाबाईची लेक आतून रांगत आली. दाराशी थांबली, तळवे टेकले, गुडघा वर घेतला आणि ऐटीत बसली.

"ऊठ गं! उंबऱ्यावर बसत्यात व्हय?" रंभाबाईनं दटावलं.

पोर खिदळत राहिली. एकनाथरावांनी हळूच पायातल्या वहाणा काढल्या. पोरीच्या खालच्या मोकळ्या जागेतून सकाळचं ऊन सरळ आत शिरून चुलीपर्यंत पोचलं होतं.