चौथा नंबर

सुट्टीतल्या संगीत शिबिराच्या शेवटच्या कार्यक्रमात पियानोच्या जोडीला एकच व्हायोलिन हवं होतं. वशिल्याची शंका नको म्हणून मुली पडद्याआड वाजवत होत्या. परीक्षक बाईंना फक्त नंबर कळत होता.

चौथ्या नंबरचा पहिला सूर आला आणि बाई लिहिता लिहिता थांबल्या. हा घोगरा आवाज त्यांनी झोपेतही ओळखला असता. वीस वर्षं स्वतः वाजवून लेकीला दिलेलं व्हायोलिन ते! आणि कार्टी आज वाजवत होती सगळ्यांत सुरेल. हिला निवडलं तर बाकीचे पालक फाडून खातील. बाईंनी चौथीचे दोन गुण कापले आणि पाचवीला निवडलं. यादी दारावर लागली तेव्हा कुठे त्यांच्या जिवात जीव आला.

तेवढ्यात लेक धावत येऊन गळ्यात पडली. "आई, पाचवी मीच! तेही शिबिरातल्या व्हायोलिनवर!"

बाईंनी तिच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. "आणि तुझं?"

"चौथीची तार ऐन वेळी तुटली, म्हणून तिला दिलं. बाहेर रडतेय बिचारी. आई, तिचं चुकलं तरी काय गं?"