लुएलाचा कायदा

काच आली तेव्हा लुएला प्रुइटच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तपकिरी कागदात गुंडाळलेली, चांगली पुरुषभर उंचीची काच. हार्लन फॉल्स डेपोचा मिस्त्री वॉल्ट ती छातीशी कवटाळून चौदा नंबरच्या बसमध्ये चढत होता.

हिवाळ्यात याच बसमध्ये एका प्रवाशाने बस चालवणाऱ्या लुएलाच्या तोंडावर थर्मास हाणला होता. कारण काय, तर बस चार मिनिटं उशिरा आली! जबडा तारांनी बांधलेला, सहा आठवडे नळीने सूप. ड्रायव्हरच्या सीटला काच लागल्याशिवाय स्टिअरिंगला हात लावणार नाही, असा तिने नवऱ्याला शब्द दिला. मग राजधानीत जाऊन आमदारांपुढे बोलली. बोलायला तीनच मिनिटं मिळाली, पण काय सांगावं, अख्खं सभागृह हळहळलं. एका आमदाराने तर रुमाल काढला, आणि फोटोवाला येईपर्यंत डोळ्याला लावून ठेवला. बससुरक्षेचा कायदा एकमताने पास झाला. त्याला नावही लुएलाचंच दिलं. आज तो लागू झाला आणि आजच ती कामावर परतली.

वॉल्ट मात्र तिच्या सीटला वळसा घालून पुढे निघाला.

“अरे, कुठे चाललास? जागा इथे आहे.”

“नाही गं. मागे आहे,” वॉल्ट पुटपुटला.

मधल्या दाराशेजारी त्याने एक भलंमोठं पोस्टर उलगडलं. त्यावर खुद्द लुएला, हसतमुख, खाली मोठी अक्षरं: ‘ड्रायव्हरचा मान राखा.’ वॉल्टने पोस्टरवर काच बसवली आणि बोल्ट आवळायला घेतले.

“ही काच माझ्यासाठी होती ना रे?”

“होती. मतदानाआधी कायद्यात दुरुस्ती झाली. म्हणे ड्रायव्हर काचेआड गेला की प्रवाशांशी जिव्हाळा राहत नाही. आणि पोस्टरं लोक फाडतात.” वॉल्टने मान वर केली नाही. “याला कुणी हात लावला तर सहा महिने आत.”

“आणि मला लावला तर?”

वॉल्टने खिशातून कायद्याचा कागद काढला. बिचाऱ्याने दोन्ही बाजूंनी नीट वाचला.

“त्यावर समिती बसलीय.”

डेपोच्या दारातल्या थांब्यावर माणसं जमली होती. एकजण मनगटावरचं घड्याळ दाखवत आत्तापासूनच ओरडत होता. घाबरली लुएला, खोटं कशाला सांगा. पोस्टरमधली बाई मात्र खुशाल हसत होती. लुएलाने तिच्याकडे क्षणभर पाहिलं आणि हात पुढे केला.

“पाना दे इकडे.”

“अगं, डोकं फिरलंय का तुझं? सहा महिने!”

“तक्रार कोण करणार? त्या बाईची काही हरकत नाही,” पहिला बोल्ट सैल करत लुएला म्हणाली, “मी विचारलंय तिला.”