गाडी तापू नये म्हणून

संपात बंद पडलेली गिरणी दहा वर्षांत उघडली नव्हती, तरी भिकाजी परब बायकोला सांगायचा, "माग जागेवर आहेत ना? मग भोंगा वाजेल." तोवर पोटासाठी तो लालबागला, गिरणीसमोरच्याच गॅरेजात ट्रक दुरुस्त करी. एका दुपारी इंजिन तापणाऱ्या ट्रकला तो कूलंटमधला गाळ अडवणारा फिल्टर बसवत होता. "माल काय भरणार?" त्यानं सहज विचारलं. "समोरच्या गिरणीतले माग, काका. भंगारात निघालेत," ड्रायव्हर म्हणाला. "घाटात गाडी तापली तर मेलोच." भिकाजीचा पाना थांबला. त्या मागांना त्यानं अठरा वर्षं तेल घातलं होतं. फिल्टरची नळी ढिली ठेवली, तर कूलंट गळून ट्रक घाटापर्यंत पोचणारच नव्हता. मग त्यानं नळीची क्लिप पुरती आवळली, इंजिन सुरू करून पाहिलं आणि हात पुसत म्हणाला, "मागांवर ताडपत्री बांध हां. ओल सोसत नाही त्यांना."