नव्या कॉम्प्युटरचा नारळ

पलटणीच्या कार्यालयात टेबलावर फोडलेला नारळ. भिंतीवर पाटी: या कार्यालयात इंटरनेट जोडण्यास सक्त मनाई आहे. बाकावर नाईक डफळेची बायको, मांडीवर सासूबाईंचे एक्स-रे.

नव्या कॉम्प्युटरच्या भल्यामोठ्या पडद्यावर सकाळपासून एकच ओळ होती: सुरू करण्यासाठी इंटरनेट जोडा.

"जुना आणा स्टोअरमधून," हा नवा कॉम्प्युटर निवडणारे मेजरसाहेब म्हणाले.

"नवा मिळण्याआधी जुना जमा करायचा नियम आहे, साहेब. काल जमा केला. माहिती बाहेर जाऊ नये म्हणून स्टोअरवाल्यांनी लगेच त्याची डिस्क हातोड्याने फोडली." कारकून हवालदार गुरव हळू बोलत होता, पण त्याचे कान लाल झाले होते.

"भाऊ, उद्या ऑपरेशन आहे," ती म्हणाली. "त्या ह्यांच्यावर अवलंबून आहेत असा इथला दाखला असल्याशिवाय मिलिटरी दवाखाना सासूबाईंना घेणार नाही. हे तिकडे सीमेवर. मी कुणाला सांगू?"

गुरवने कोरा कागद ओढला, दाखला हाताने लिहिला आणि साहेबांपुढे ठेवला.

"हाताने लिहिलेला चालत नाही, गुरव."

"माहीत आहे. म्हणून सही करून तुम्हीच हिच्याबरोबर जा, साहेब. हाताने का लिहावा लागला ते तिथं सांगा. पडदा केवढा घेतलाय तेही सांगा."

मेजरसाहेबांनी सही केली आणि टोपी उचलली.

इंटरनेटशिवाय सुरू होणारा कॉम्प्युटर घ्यावा, असं गुरवने महिन्यापूर्वी लेखी दिलं होतं. त्या कागदावर मेजरसाहेबांनी "पाहिले" असं लिहून सही केली होती.