एकट्याचं लोखंड

“ब्लेड दाबू नकोस! आतल्या आवरणाला खरचटलं की केबल वाया,” केबलकाका लेकीवर खेकसले.

जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं होतं आणि त्यावर जाड केबलचा वीतभर लांब तुकडा. काकांनी जन्मभर जमिनीखालच्या केबल जोडल्या. तरी कॉलनीत टीव्ही बंद पडला की लोक त्यांनाच हाक मारत, आणि काका हटकून चिडत. आता लेक परगावच्या कारखान्यात केबल तपासायला लागणार होती. सोमवारी हजर व्हायचं होतं. “तुम्हीही चला,” असा लकडा तिने महिनाभर लावला होता. काकांचं उत्तर ठरलेलं. “मला काय धाड भरलीय? माझं मी बघतो.”

काकू गेल्या वर्षी गेल्या. तेव्हापासून शेजारणीने पाठवलेला डबा काका दारातूनच परत करत. परवा चहा गाळताना हात चांगलाच पोळला, तर भर उन्हाळ्यात ते पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून फिरत होते.

लेकीने काळं प्लास्टिक सोललं. आत लोखंडी तारांचा पीळ निघाला.

“हे चिलखत. कुदळ बसली तरी आत धक्का नाही,” काका खुशीत आले. चिलखताखाली आणखी एक आवरण, आणि त्याच्या आत एकमेकांना बिलगलेले तीन कोअर, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या तारा. लाल, पिवळा, निळा.

“मग एकाच कोअरची केबल असली, तर तिला लोखंड का नाही घालत?”

“डोकं कुठे ठेवलंयस? तिघं असले की एकमेकांचं चुंबकत्व आपसांतच मारतात. बाहेर काही येत नाही. एकटा असला की ते सगळं लोखंडात जातं. लोखंड तापतं, आणि शेवटी आतला तोच भाजून...”

काका थांबले. लेक मान खाली घालून तारा गोळा करत होती.

“तुला माहीत होतं हे.”

“पहिल्याच धड्यात आहे, बाबा.”

काकांनी केबल बाजूला ठेवली. मग त्यांनी हळूच बाही वर सारली. कोपरापर्यंत फोड आले होते.

“मलम आण,” ते म्हणाले. “आणि माळ्यावरची मोठी बॅग काढ. आईचा फोटो कपड्यांच्या मधोमध ठेव. तिघांनी जायचंय, काच फुटायला नको.”