सुतळीने विणलेली खुर्ची

“शपथेवर सांगितलं तरी कुणाला पटायचं नाही,” म्हाताऱ्याने भंगारवाल्याचा हात धरला, “पण ही खुर्ची रिकामी नसते!” बायको वारल्यापासून सुनेने तिची एकेक वस्तू भंगारात काढली होती. उरली होती ही वेताची खुर्ची. फाटलेलं आसन बायकोनेच सुतळीने विणलं होतं. ही खुर्चीही गेली तर आठवणीला काहीच उरणार नव्हतं. म्हणून त्याने थाप रंगवली. “रोज दुपारी आमची ही येऊन बसते. खुर्ची करकरते, ती गुणगुणते. उचलशील तर मानगुटीवर बसेल!” “आजोबा, मला लेकरंबाळं आहेत,” म्हणत भंगारवाल्याने काढता पाय घेतला. म्हातारा मिशीत हसला. दारात उभी असलेली सून मात्र पांढरीफटक पडली. “धादांत खोटं, बाबा! आई दुपारी नाही, पहाटे येतात. म्हणूनच खुर्ची देतेय! गुणगुणत नाहीत, तुम्हाला हाका मारतात, आणि तुम्ही कानातलं यंत्र काढून खुशाल घोरत असता!”